शनिवारची सभा आणि न आलेल्यांची वही

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा गंभीर मनोविकार आहे. गेल्या दीड वर्षापासून आम्ही दोघे सोलापूरच्या पूर्व भागातील, मनोरुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेच्या शनिवारच्या सभेला जातो आणि त्या सेवेविषयी अनुभवावरून लिहावे असे बरेच दिवस मनात होते. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण सभेला येणारी माणसे पंचवीस-तीसच आहेत आणि आमच्या भागात कोण कोणाचा जिना चढले याची बातमी संध्याकाळपर्यंत दोन गल्ल्या ओलांडते.

प्रथम हे स्पष्ट करावे लागेल की ही संस्था उपचार करत नाही. निदान करणे आणि गोळ्या लिहून देणे हे मनोविकारतज्ज्ञाचे काम आहे आणि ते तिने स्वतःकडे घेतलेलेही नाही. आम्ही महिन्यातून एकदा ओपीडीत जातो, केसपेपर काढण्यात सकाळ जाते आणि डॉक्टरांसमोर जेमतेम पाच-सात मिनिटे मिळतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 साली सुरू झाला, तरी 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांच्या 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले होते. त्या मानाने आम्ही नशीबवान म्हणायचे. मात्र महिन्यातला तो एक दिवस सोडला तर उरलेले सगळे दिवस रुग्ण घरातच असतो आणि त्या दिवसांत काय करायचे हे कोणत्याही केसपेपरवर लिहिलेले नसते.

संस्थेची खरी किंमत मला कळली ती तिच्या एका साध्या वहीमुळे. सभेला कोण आले याची नोंद सगळेच ठेवतात. येथे न आलेल्यांची नोंद होते. रविवारी त्यांना फोन जातो आणि फोन लागला नाही, तर मंगळवारपर्यंत कार्यकर्ती दारात उभी असते. मागच्या पावसाळ्यात शाळेच्या कामामुळे मी सलग दोन शनिवार भावाबरोबर गेलो नाही. तो एकटा जात असेल असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो गेलाच नव्हता, शिवाय ‘मी बरा झालो, आता गोळ्या कशाला’ असे ठरवून त्याने अकरा दिवसांच्या गोळ्या गादीखाली साठवल्या होत्या. एका घरात राहून आम्हाला ते कळले नाही आणि बाहेरच्या बाईला कळले, याची लाज वाटली. पण त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाता आले आणि त्याला दाखल करण्याची वेळ टळली.

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि आईचे आयुष्य विड्या वळण्यात गेल्यामुळे तिचे मराठी बाजारापुरते आहे. पहिल्या तपासणीत ‘त्याला आवाज ऐकू येतात का’ असे विचारल्यावर तिने ‘येतात की, कान चांगले आहेत त्याचे’ असे उत्तर दिले होते. संस्थेतील कार्यकर्तीने तोच प्रश्न तेलुगूत, घरगुती शब्दांत विचारला, तेव्हा आई तासभर बोलत राहिली. देवऋषी, ताईत, लग्न लावून दिले की सुधारेल हा नातेवाइकांचा सल्ला, सगळे त्यात आले आणि कार्यकर्तीने एकदाही नाक मुरडले नाही. ठाण्याची आयपीएच 1990 पासून आणि चेन्नईची स्कार्फ 1984 पासून मानसिक आरोग्याचे काम करत आहेत. तशा मोठ्या संस्थांशी या दोन खोल्यांची तुलना करणे योग्य नाही. पण रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याची पुण्या-ठाण्याकडील रीत येथेही आली आहे. आई मात्र अजून ‘माझा पोरगा’ एवढेच म्हणते आणि तेही कोणाला खटकत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत संस्था विशेष उपयोगी आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये मनोविकाराचा समावेश आहे आणि लाभांसाठी 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, हे आम्हाला येथेच कळले. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा अर्जही त्यांनीच भरून घेतला. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 हा 29 मे 2018 पासून लागू आहे. ज्या रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयांत त्याला साथ देणारी व्यक्ती) अद्याप नेमलेला नाही, त्याच्यासाठी मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या व्यक्तीला ती जबाबदारी तात्पुरती देता येते, अशी तरतूद त्यात आहे. म्हणजे अशा संस्थांचे स्थान कायद्यानेही मानले आहे, हे फारच थोड्या कुटुंबांना ठाऊक असते.

आता उणिवा. समुपदेशनाची जागा पडदा लावून केलेली आहे आणि पडद्याला कान नसतात असे मानणे भाबडेपणाचे आहे. पलीकडच्या कुटुंबाचे रडणे मी इच्छा नसताना ऐकले आहे. सगळा डोलारा दोन अनुभवी बाईंवर उभा असून बाकीचे बहुतेक कार्यकर्ते महाविद्यालयीन विद्यार्थी असतात, जे तीन-चार महिन्यांत बदलतात. त्यांपैकी एकाने ‘योगासने नियमित केलीस तर गोळ्या कमी करता येतील’ असे भावाला परस्पर सांगितले. तक्रार केल्यावर त्याला समज देण्यात आली, पण नव्या माणसाने काय बोलू नये याचे प्रशिक्षण आधी द्यायला हवे होते, आणि माझ्या मते ही संस्थेची सर्वांत गंभीर चूक आहे. देणगीदारांकडून खुर्च्या आणि फलक मिळतात. वही सांभाळणाऱ्या बाईचा रिक्षाखर्च मात्र कोणी देत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही.

रात्री-अपरात्री संस्थेचा फोन उचलला जाईलच असे नाही. त्यासाठी 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या सरकारी टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दारावर चिकटवला आहे. ती विनामूल्य असून चोवीस तास चालते.

शुल्क नाही, चहाचे दहा रुपये डब्यात टाकायचे असतात. खोल्या दुसऱ्या मजल्यावर आहेत आणि जिना उभा आहे. गुडघ्यांमुळे आईला तो चढवत नाही, म्हणून ती खाली दुकानाच्या ओट्यावर बसून राहते आणि सभा संपली की एक बाई खाली येऊन तिच्याशेजारी बसते व वर काय झाले ते तिला तेलुगूत सांगते.