लायसन मित्राचं, भांडवल तुमचं: कृषी सेवा केंद्राच्या भागीदारीत पैसा कुठून जातो

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी मोंढ्याकडच्या रस्त्याला कृषी सेवा केंद्राची नवी पाटी लागते, तेव्हा तिच्यामागं बऱ्याचदा दोन मित्र असतात. एकाकडं कृषीची पदवी किंवा पदविका असते, म्हणून लायसन निघतं. दुसऱ्याकडं पैसा असतो. वावर विकलेला, नोकरीतून साठवलेला, नाहीतर घरातलं सोनं गहाण ठेवून आणलेला. "लायसन माझं, भांडवल तुझं, नफा निम्मा-निम्मा" एवढ्यावर गोष्ट ठरते. दोन-तीन हंगाम जातात आणि पैसेवाला रिकाम्या हातानं बाहेर पडतो. गल्ल्यातली नोट कुणी उचललेली नसते, म्हणून नेमकं काय झालं हे त्याला घरीसुद्धा सांगता येत नाही. पैसा गेलेला असतो कागदातून, आणि ते कागद त्यानं कधी पाहिलेलेच नसतात.

सुरुवात लायसनपासून. दुकानाला तीन परवाने लागतात: खताचा 1985 च्या खत नियंत्रण आदेशाखाली, बियाण्याचा 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली आणि औषधाचा 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली. शिवाय ज्या कंपनीचा माल विकायचा तिचा खतासाठी ओ फॉर्म आणि औषधासाठी प्रिन्सिपल सर्टिफिकेट, म्हणजे आमचा माल हा दुकानदार विकू शकतो असा कंपनीचा दाखला, परवान्यावर चढवावं लागतं. हे सगळं मित्राच्या एकट्याच्या नावावर असेल, तर कंपनीच्या दप्तरी तुम्ही कुणीच नाही. कंपनीचं खातं, पत आणि वर्षअखेरीची सूट सगळं त्याचं. भांडण झालं की तो तेच लायसन घेऊन दोन गाळे पलीकडं दुकान मांडतो. तुमच्याकडं उरतात रॅक, काउंटर आणि मुदत संपत आलेल्या बाटल्या. म्हणून परवाने, जीएसटी, पॅन आणि चालू खातं पहिल्या दिवसापासून फर्मच्या नावानं काढा आणि कागदावर दोघंही भागीदार म्हणून या. पदवी एकाची असली तरी फर्म दोघांची असू शकते.

पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केली की भागीदारी पक्की झाली, असा समज सगळीकडं आहे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 69 प्रमाणं, फर्मची नोंद सरकारच्या भागीदारी संस्था निबंधकाकडं नसेल तर करारातल्या हक्कासाठी भागीदारावर दावा लावता येत नाही आणि उधारी बुडवणाऱ्यावर फर्मच्या नावानं कोर्टात जाता येत नाही. फर्म मोडून हिशेब मागण्याची वाट तेवढी मोकळी राहते. करारात नफ्या-तोट्याचा वाटा लिहिलेला नसेल तर कायदा दोन्ही समान धरतो. म्हणजे दहा लाख तुम्ही घातले आणि त्यानं एक रुपया घातला नाही, तरी नफा निम्मा त्याचा. बँकेचं आणि डिस्ट्रिब्यूटरचं देणं मात्र निम्म्यावर थांबत नाही. कलम 25 प्रमाणं सगळी रक्कम एकट्या तुमच्याकडूनही वसूल होऊ शकते, आणि ज्याच्याकडं घर-वावर आहे त्याच्याकडंच वसुलीवाला आधी येतो.

आता खरी गळती. या धंद्यात बिलावरचा भाव हा शेवटचा भाव नसतो. कंपनी आणि डिस्ट्रिब्यूटर हंगामभर स्कीम देतात: रोखीची सूट, अमुक पेट्यांवर एक पेटी फुकट, उचल, म्हणजे ठरलेली खरेदी, पूर्ण झाली की टूर किंवा सोन्याचं नाणं, आणि वर्षअखेरीला क्रेडिट नोट, म्हणजे सुटीची रक्कम खात्यात जमा केल्याचा कागद. दुकानाच्या वहीत खरेदी बिलाच्या भावानं चढते, नफा त्यावरून निघतो आणि तुम्हाला दाखवला जातो. क्रेडिट नोट वहीत येतच नाही. समजा हंगामात एका कंपनीची उचल 8 लाखांची झाली आणि शेवटी 6 टक्के सुटले, तर ते 48,000 झाले. अशा चार-पाच कंपन्या धरा. टॉनिक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांत सूट सर्वांत मोठी असते, म्हणून तिथं नजर जास्त हवी. काउंटरवरचा नफा दोघांत वाटला जातो आणि खरा नफा एकाच्या खात्यात किंवा त्याच्या पुढच्या वैयक्तिक उचलीत वळता होतो.

हे पकडता येतं. डिस्ट्रिब्यूटरकडून वर्षातून दोनदा, खरीप संपल्यावर आणि मार्चअखेर, शिक्क्यासह लेजर उतारा, म्हणजे त्याच्या वहीतल्या तुमच्या खात्याची नक्कल, मागा. मित्राला आणायला सांगू नका, स्वतः जा. जीएसटी पोर्टलवरच्या टू-बी (GSTR-2B) या खरेदीच्या तक्त्यात खत-औषधाची खरेदी बिलं दिसतात आणि जीएसटी लावून काढलेल्या क्रेडिट नोटाही दिसतात. तो तक्ता दर महिन्याला वहीशी ताडा. पण बऱ्याच सुटी जीएसटी न लावता देतात, त्या तिथं दिसत नाहीत. बियाण्यावर जीएसटीच नाही, त्यामुळं बियाण्याची बिलं त्या तक्त्यात शोधून उपयोग नाही. सर्वांत जास्त गडबड बियाण्यातच होते, कारण तिथं परतीचा मालही असतो. मृगात आणलेल्या बॅगा उरल्या की कंपनी बऱ्याचदा परत घेते, त्या परतीची रक्कम कुणाच्या नावे जमा झाली हे फक्त लेजर सांगतो. टूर आणि सोन्याचाही माग लागतो. 1 जुलै 2022 पासून वर्षाला 20,000 रुपयांवरच्या अशा भेटींवर कंपनीला 10 टक्के कर कापावा लागतो आणि तो ज्याच्या पॅनवर भेट गेली त्याच्या खाती दिसतो. पॅन फर्मचा असेल तर ते तुमच्याही डोळ्यापुढं येतं.

दुसरी गळती उधारीची. आपल्याकडं जून-जुलैत माल उधार जातो आणि सोयाबीन विकलं की, दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला, पैसे येतात. कापूसवाल्यांचे त्यानंतर, काहींचे थेट गुढीपाडव्याला. वसुलीला गावोगाव मित्रच फिरतो, कारण ओळखी त्याच्या. शेतकरी पैसे देतो, तो खिशातल्या डायरीत लिहितो, आणि दुकानच्या वहीत त्या शेतकऱ्याचं नाव तसंच चालू राहतं. विचारलं की उत्तर तयार असतं: "पाऊस झाला नाही रे, कोण देतंय यंदा?" मराठवाड्यात हे वाक्य कुणालाही पटतं, आणि तिथंच घात होतो.

दोन वर्षांनी तुम्ही स्वतः त्या गावात जाता. शेतकरी पाणी देतो, आत जाऊन पासबुकाच्या प्लास्टिक पिशवीतून चार घड्या पडलेली चिठ्ठी काढतो. "शेठ, दिवाळीलाच दिले की. ही बघा तुमच्याच माणसाची सही." चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का असतो, पण पावती क्रमांक नसतो. पुढच्या चार घरी हेच. काही नावं तर त्या गावात सापडतच नाहीत. तो माल रोखीत विकलेला असतो आणि वहीत उधार म्हणून मांडलेला असतो.

यावर इलाज साधा आहे, पण तो पहिल्याच हंगामात लावावा लागतो. छापील क्रमांकाची पावती पुस्तकं दोन प्रतींची ठेवा आणि कोणतं पुस्तक कुणाकडं गेलं त्याची नोंद करा. उधारीच्या प्रत्येक नावासमोर गाव, मोबाईल आणि माल नेताना घेतलेली सही असली पाहिजे. दिवाळीनंतर प्रत्येक नावाला तुमच्या फोनवरून बाकीचा मेसेज जाऊ द्या. ज्याचे दिलेले आहेत तो तासाभरात फोन करतोच. काउंटरवरचा क्यूआर कोड कुणाच्या खात्याला जोडलेला आहे हे स्वतः एक रुपया टाकून बघा, महिन्यातून एकदा तरी, कारण स्टिकर बदलायला मिनिटही लागत नाही.

खताचं मशीन वेगळंच प्रकरण आहे. अनुदानाचं खत पॉस मशीनवर, म्हणजे विक्रीची नोंद करणाऱ्या मशीनवर, ओळख पटवून, बहुतेक वेळा अंगठा घेऊन विकायचं असतं. टंचाईत युरिया-डीएपी अंगठ्याशिवाय चढ्या भावानं गेलं, तर मशीनवर साठा दिसतो आणि गोदाम रिकामं असतं. वरचे पैसे मित्राच्या खिशात जातात. तपासणी आली की परवान्यावर कारवाई होते, आणि फर्म दोघांची असेल तर जीवनावश्यक वस्तू कायद्याखालच्या गुन्ह्यात तुमचंही नाव येऊ शकतं. दर शनिवारी मशीनचा साठा काढा, गोदामातल्या गोण्या मोजा, फरक लिहून दोघांच्या सह्या घ्या.

डिस्ट्रिब्यूटर माल देताना कोरे चेक मागतो. ते फर्मच्या खात्याचेच द्या. तुमच्या वैयक्तिक बचत खात्याचा चेक कधीही देऊ नका. सोबत पत्र द्या: चेक क्रमांक, कशासाठी, कमाल किती रकमेपर्यंत. त्यावर पोच घ्या. भागीदारी मोडल्यावर हेच चेक वर्षा-दोन वर्षांनी चेक न वटल्याच्या कलम 138 खाली तुमच्यावर उलटतात. चेक परतल्याची नोटीस हातात पडली की 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर फौजदारी खटला सुरू होतो. माल त्यानं उचललेला असतो, सही तुमची असते.

बाहेर पडायचं ठरलं तर तोंडी निघू नका. लेखी नोटीस पाठवा, निबंधकाला कळवा, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका मराठी दैनिकात जाहीर सूचना द्या. तोवर मित्र फर्मच्या नावावर जे उचलेल त्याचं देणं तुमच्यावर येऊ शकतं. हिशेबाचा दावा फर्म मोडल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. "बसून मिटवू" म्हणत बहुतेकांची ही तीन वर्षं निघून जातात. बँकेला त्याच दिवशी पत्र देऊन चालू खात्यावरचे व्यवहार दोघांच्या सहीशिवाय होऊ नयेत असं कळवा, आणि पत्र द्यायला निघण्याआधी उधारीच्या वहीच्या पानापानाचा फोटो काढून ठेवा. भांडणानंतर सर्वांत आधी गायब होते ती वही.