सातेरीची आठ चौकटींची मधपेटी: वऱ्हाडच्या उन्हातला अनुभव

मोर्शी तालुक्यातील आमच्या लहानशा मळ्यात संत्र्याची झाडे, बांधावर शेवगा आणि विहिरीलगत काकडी-कारल्याचा मांडव आहे. परागीकरण चांगले व्हावे म्हणून आम्ही सातेरी मधमाशीची सागवानी पेटी वसाहतीसह विकत घेतली. आता तिने येथील सगळे ऋतू पाहिले आहेत.

सुतारकाम उत्कृष्ट आहे. सातेरीला दोन पोळ्यांमध्ये साधारण 8 मिलिमीटर वाट लागते. ती जास्त रुंद झाली की माश्या मध्येच मेणाचे पूल बांधतात आणि पोळे धरणारी लाकडी चौकट उचलताना ते फाटते. या पेटीत आजही प्रत्येक चौकट दोन बोटांनी अलगद वर येते.

उन्हाळ्यात मात्र पेटी कमी पडली. पिलाव्याला, म्हणजे पोळ्यातल्या अंडी-अळ्यांना, 33 ते 36 अंश तापमान लागते आणि आमच्याकडे वैशाखात पारा 45 च्या आसपास असतो, त्यामुळे माश्या मध गोळा करायचे सोडून दिवसभर पाणी आणण्यात व पंखांनी वारा घालण्यात गुंततात. झाकणावरचा पत्रा थेट लाकडाला चिकटवलेला असल्याने कडेचे पोळे मऊ होऊन खाली लोंबले, मध दारातून ओघळला आणि त्या वासाने मुंगळे आले. स्टँडच्या पायांखालच्या वाट्या इतक्या उथळ आहेत की त्यांतले पाणी दुपारपर्यंतही टिकत नाही. शेवटी पेटी निंबाखाली हलवून वर तुराट्यांचे छप्पर घातले आणि त्यावर ओले बारदान टाकले, तेव्हा वसाहत टिकली.

सर्वांत गंभीर दोष तळफळीचा आहे. ती खिळ्यांनी पक्की ठोकलेली असल्याने पावसाळ्यात, माश्या कमी असताना, तळाशी साचणारा मेणाचा चुरा नीट काढता येत नाही आणि त्यातच मेणकिडा, म्हणजे पोळे पोखरणारी अळी, वाढतो. याबद्दल विक्रेत्याला वारंवार कळवले. माणूस पाठवतो असे उत्तर मिळाले, माणूस आला नाही. दाराला जाळीही नाही. शेजारच्या पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी होणार असली की शेजारी आदल्या सायंकाळी आठवणीने सांगतात, हे त्यांचे उपकारच आहेत. त्या दिवशी माश्या आत कोंडून ठेवाव्या लागतात, पण भर उन्हाच्या दिवशी लाकडी दार बंद ठेवले तर आत माश्या गुदमरतात, म्हणून जाळी आम्हीच बसवून घेतली.

आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणारा संत्र्याचा फुलोरा, आणि त्यानंतर निंबाचा मोहर, एवढ्या काळातच मध मिळतो, तोही थोडा. सुगंध मात्र अप्रतिम. खरा लाभ मांडवावर दिसला. काकडीची गळ कमी झाली आणि कारली एका बाजूने आखडलेली निघेनाशी झाली. केवळ मधविक्रीच्या हिशेबाने ही पेटी घेऊ नये. वेलवर्गीय भाजी करणाऱ्याने अवश्य घ्यावी. मात्र सुटी तळफळी आणि दाराची जाळी सौद्यातच मागून घ्यावी, आणि वसाहत दिवाळीनंतर, तूर फुलावर आलेली असताना आणावी, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी तिला बळ धरायला अवधी मिळतो.