एआयएक्सवर पायथन आणि पर्ल: टूलबॉक्स कुठवर पुरतो, स्वतः कधी बांधावं

ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही बाजूंना, ऐरोलीपासून महापेपर्यंत, जी डेटा सेंटरं आणि बॅक ऑफिसं आहेत, तिथे बँका-विम्याच्या कामात एआयएक्सची (आयबीएमची युनिक्स ऑपरेटिंग सिस्टम) पॉवर मशीनं अजून दिसतात. डेटाबेस त्यावर, रात्रीचे बॅच जॉब त्यावर, आणि ते जॉब हाकणाऱ्या स्क्रिप्ट पर्लच्या किंवा अलीकडे पायथनच्या. लिनक्सवर हात बसलेली नवी मुलं या मशीनवर आली की त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘पायथन कुठून घालू?’ त्याचं नेहमीचं उत्तर म्हणजे आयबीएमचा एआयएक्स टूलबॉक्स, आणि हे परीक्षण त्याचंच आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. पायथनसाठी टूलबॉक्स डोळे मिटून घ्यावा. पर्लला ओरॅकलशी बोलायचं असेल, तर स्वतःचं ६४ बिट पर्ल वेगळ्या फोल्डरात बांधावं. आणि /यूएसआर/बिनमधल्या, म्हणजे सिस्टमसोबत आलेल्या, पर्लला कुणीही, कितीही घाई असली तरी, हात लावू नये.

टूलबॉक्स म्हणजे आयबीएमने एआयएक्ससाठी तयार करून ठेवलेल्या आरपीएम (लिनक्सवर रुळलेली पॅकेजची पद्धत) पॅकेजांचा साठा. फुकट आहे. सगळं /ऑप्ट/फ्रीवेअर खाली बसतं, त्यामुळे मूळ सिस्टमच्या फायलींवर चढत नाही. ही रचना अतिशय शहाणपणाची आहे. पूर्वी त्यासोबत पॅकेजं उतरवून बसवणारं यम यायचं, ते पायथन २ वर चालायचं. आता डीएनएफ आहे, पायथन ३ वरचं. जुन्या मशीनवर यम बसलेलं असेल तर आधी पॅकेजांची यादी काढून ठेवा, मग डीएनएफची स्क्रिप्ट चालवा. हमी मात्र नाही: पॅकेजं ‘आहेत तशी’ दिलेली आहेत. हे ऑडिटवाल्यांना आधीच लेखी कळवलेलं बरं, नाहीतर तिमाहीच्या तोंडावर तेच पत्र शोधावं लागतं.

बसवण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, जागा. /ऑप्टमध्ये निदान २ जीबी आणि /टेम्पमध्ये १ जीबी मोकळी हवी. ‘डीएफ -जी’ने पाहा आणि कमी असेल तर ‘सीएचएफएस’ने चालू मशीनवरच वाढवा, रीबूट लागत नाही. दुसरी गोष्ट, ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी. टूलबॉक्सची पॅकेजं एआयएक्सच्याच ओपनएसएसएल बेस फाइलसेटवर (फाइलसेट म्हणजे एआयएक्सचं स्वतःचं पॅकेज) टेकतात. तो फाइलसेट नवा घातला तरी आरपीएमला त्याची खबर नसते. ‘अपडेट-व्ही-पीकेजी’ हा आदेश चालवला की एआयएक्सची आपली लायब्ररी यादी आरपीएमच्या वहीत उतरते. हा एक आदेश विसरल्यामुळे ‘डिपेंडन्सी मिळत नाही’ म्हणून अडकलेली कामं किती, त्याची गणतीच नको.

प्रॉडक्शन मशीनना इंटरनेट नसतंच. त्यावर सरळ उपाय असा: बाहेर पोचणाऱ्या एका लिनक्स मशीनवर टूलबॉक्सच्या साठ्याची प्रत उतरवायची, ‘क्रिएटरेपो’ चालवायचं, आतल्या वेब सर्व्हरवरून ती पुरवायची आणि /ऑप्ट/फ्रीवेअर/ईटीसी/डीएनएफ मधल्या कॉन्फ फाइलमध्ये बेस-यूआरएल बदलायचा. एआयएक्सच्या आवृत्तीप्रमाणे साठे वेगळे असतात, ७.२ चा वेगळा आणि ७.३ चा वेगळा. दोन्ही एकाच फोल्डरात ओतू नका. तारखेच्या नावाने फोल्डर ठेवला तर यूएटीवर (चाचणीच्या मशीनवर) जे तपासलं तेच शनिवारच्या चेंज विंडोत प्रॉडक्शनवर जाईल. साठा मधेच ताजा झाला आणि दोन मशीनवर दोन आवृत्त्या गेल्या, असं होऊ देऊ नये.

पायथन टूलबॉक्समधून घेतल्यावर ते ६४ बिट असतं, मॉड्यूल चांगली भरलेली असतात, आणि अँसिबलला (मशीनं दूरून हाताळणारं साधन) इंटरप्रिटरचा रस्ता /ऑप्ट/फ्रीवेअर/बिन/पायथन३ असा दिला की मशीन लगेच कामाला लागतं. एआयएक्स ७.३ सोबत तर मुळात पायथन ३.९ सिस्टमबरोबरच आलं. फक्त ३.९ ला मूळ प्रकल्पाकडून दुरुस्त्या मिळणं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबलं आहे, तेव्हा नवं काम त्यावर उभारू नका.

खरी अडचण पिपची, म्हणजे पायथनची मॉड्यूल उतरवणाऱ्या साधनाची. पायथनच्या जागतिक साठ्यात एआयएक्ससाठी तयार व्हील (आधीच कंपाइल केलेली पॅकेजं) जवळजवळ नसतातच. म्हणजे सी भाषेतलं प्रत्येक मॉड्यूल मशीनवरच कंपाइल होणार: जीसीसी हा कंपायलर हवा, डेव्हल पॅकेज हवं, बीओएस एडीटीचे हेडर फाइलसेट हवेत. क्रिप्टोग्राफी हे मॉड्यूल २०२१ च्या ३.४ आवृत्तीपासून रस्ट भाषेचा कंपायलर मागतं, आणि तिथे पिप धरून बसण्यात अर्थ नाही. टूलबॉक्समधलं तयार पॅकेज घ्या. नियम साधा ठेवा: आधी डीएनएफमध्ये शोधायचं, नसेल तरच पिप, आणि पिप नेहमी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये.

आता लायब्ररींचं प्रकरण. एआयएक्सवर बांधणीतल्या निम्म्या तक्रारी इथूनच येतात, म्हणून जरा सविस्तर. लिनक्सवर शेअर्ड लायब्ररी म्हणजे ‘.एसओ’ फाइल. एआयएक्सवर ती बहुधा ‘.ए’ फाइलच्या आत सदस्य म्हणून असते, आणि एकाच ‘.ए’मध्ये ३२ बिट व ६४ बिट दोन्ही सदस्य सुखाने राहतात. त्यामुळे फाइल जागेवर आहे, नाव बरोबर आहे, तरीही प्रोग्राम उठत नाही, कारण त्याला हवा असलेला सदस्य आत नाही. लिबआयकॉन्व्ह घ्या. एआयएक्सची एक /यूएसआर/लिबमध्ये आहे, ग्नूची एक /ऑप्ट/फ्रीवेअर/लिबमध्ये. नाव तेच, सदस्य वेगळे. कुणीतरी सोय म्हणून /ईटीसी/एन्व्हायर्नमेंटमध्ये लिबपाथ (लायब्ररी शोधायच्या फोल्डरांची यादी) टाकतं, आणि लिबपाथ हा प्रोग्रामच्या पोटात नोंदलेल्या रस्त्याच्याही आधी पाहिला जातो, म्हणून दुसऱ्या दिवशी भलताच आदेश कोसळतो. लिबपाथ सगळ्या मशीनला कधीही लावू नका. लागलाच तर त्या एका स्क्रिप्टच्या आवरणात लावा.

एररचा क्रमांक वाचायची सवय ठेवा, तो फार प्रामाणिक असतो. ०५०९-०२२ म्हणजे मॉड्यूल चढलं नाही, हे फक्त शीर्षक. खालची ओळ महत्त्वाची. ०५०९-१५० म्हणजे ते ज्यावर अवलंबून आहे ती लायब्ररी चढली नाही. ०५०९-१५२ म्हणजे फाइल मिळाली, आतला सदस्य मिळाला नाही. ०५०९-१०३ आला तर बहुधा ३२ आणि ६४ बिटची गल्लत आहे, आधी तेच तपासा. नक्की कोणता रस्ता नोंदला आहे ते ‘डंप -एच’ दाखवतो. ६४ बिट फाइलसाठी त्याला -एक्स६४ लावावं लागतं, नाहीतर तो रस्ता दाखवत नाही आणि माणूस उगाच फाइलवर संशय घेतो.

पर्लकडे वळू. एआयएक्स ७.१ सोबत ५.१०.१ येतं, ७.२ सोबत मुळात ५.२०.१ आलं. ते आयबीएमच्या स्वतःच्या कंपायलरने बांधलेलं आहे आणि बांधणीचे सगळे पर्याय त्याच्या कॉन्फिग मॉड्यूलमध्ये गोठलेले आहेत. म्हणून सीपॅनवरून (पर्ल मॉड्यूलचा जागतिक साठा) सी असलेलं मॉड्यूल घालायला गेलं की ‘सीसी_आर सापडत नाही’ असं उत्तर मिळतं; सीसी_आर म्हणजे तोच आयबीएमचा कंपायलर. जीसीसीला त्याच नावाचा दुवा देऊन फसवण्याची युक्ती सुचते. पुढच्याच ओळीत -क्यूमॅक्समेमसारखे पर्याय येतात, ते जीसीसीला समजत नाहीत. ‘पर्ल -व्ही’च्या उत्तरात ‘एआयएक्स-थ्रेड-मल्टी’ एवढंच असेल तर ते पर्ल ३२ बिट आहे, आणि ६४ बिट ओरॅकल क्लायंट त्याला कधीच चालणार नाही. ज्याला हे कळलं त्याची एक अख्खी रात्र वाचते.

तेव्हा बांधा. ज्या मशीनवर बांधायचं ते तुमच्याकडच्या सर्वांत जुन्या टेक्नॉलॉजी लेव्हलचं असू द्या; ‘ओएसलेव्हल -एस’ने पाहा. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलट चालेलच असं नाही. सोर्स उघडताना एआयएक्सचं टार वापरू नका, लांब नावांच्या फायली विचित्र होतात. टूलबॉक्समधलं ग्नू टार घ्या. मग ऑब्जेक्ट_मोड=६४ एक्सपोर्ट करा. हा चल राहून गेला की एआर आणि लिंकर ३२ बिटचंच धरून बसतात, सुरुवात व्यवस्थित होते आणि शेवटच्या टप्प्यात लिंकिंग फुटतं. पर्लची कॉन्फिगर स्क्रिप्ट मोठ्या अक्षराने सुरू होते हे लक्षात ठेवा. पर्याय एवढेच पुरे: -डीईएस, प्रीफिक्स म्हणून /ऑप्टखालचा स्वतःचा फोल्डर (नावात आवृत्ती घाला), सीसी म्हणून जीसीसी, आणि यूज६४बिटऑल. थ्रेड्स गरजेशिवाय चालू करू नका. पर्लच्या लेखकांनीच त्यापासून सावध केलेलं आहे आणि वेगही उतरतो. मग जीमेक, त्यानंतर टेस्ट. टेस्ट टाळू नका. तयार झालेल्या पर्लवर ‘फाइल’ आदेश चालवा, उत्तरात ६४ बिट एक्सकॉफ (एआयएक्सच्या प्रोग्राम फाइलचा साचा) दिसलंच पाहिजे.

मोठ्या मॉड्यूलच्या लिंकिंगला ०७११-७८१ आला तर टीओसी नावाचा पत्त्यांचा तक्ता ६५५३६ बाइटच्या मर्यादेबाहेर गेला आहे. लिंकरला -बीबिगटॉक द्या, काम होतं. आणि इन्स्टॉल करताना ‘चालू प्रोग्रामची फाइल उघडता येत नाही’ असं आलं तर जुनी लायब्ररी कर्नलने मेमरीत धरून ठेवली आहे. रूटने ‘स्लिबक्लीन’ चालवायचं आणि पुन्हा इन्स्टॉल. रीबूटची परवानगी मागत बसायला नको.

चालवताना सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट मेमरीची. मशीनमध्ये ६४ जीबी आहे आणि स्क्रिप्ट ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून मरते. /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्समध्ये डेटाची मूळ मर्यादा २६२१४४ असते, आणि तो आकडा ५१२ बाइटच्या ठोकळ्यांचा असतो, म्हणजे फक्त १२८ एमबी. फाइलची मर्यादा २०९७१५१, म्हणजे १ जीबीला थोडी कमी. महिनाअखेरचा मोठा रिपोर्ट नेमका तिथेच तुटतो. ज्या युजरने जॉब चालतो त्याचा डेटा आणि एफसाइझ ‘सीएचयूजर’ने -१ करा आणि नव्याने लॉगिन करा, जुन्या सेशनला बदल लागू होत नाही. ३२ बिट पर्लच वापरणं भाग असेल तर एलडीआर_कंट्रोलमध्ये मॅक्सडेटा ०एक्स८००००००० द्या, म्हणजे २ जीबीपर्यंत मोकळीक मिळते.

आणि एक आपल्या जिव्हाळ्याचं. एआयएक्सवर लोकेलच्या (भाषा आणि अक्षरसंचाची निवड) नावातलं अक्षर लहान की मोठं यावर अर्थ बदलतो. लहान ‘ईएन_यूएस’ म्हणजे आयएसओ ८८५९-१, मोठ्या अक्षरांतलं म्हणजे यूटीएफ-८. खातेदाराचं नाव देवनागरीत असलेली फाइल पायथनने लिहायला घेतली आणि लोकेल लहान अक्षरांचं असलं, तर युनिकोडची चूक ठरलेली. पायथनयूटीएफ८=१ लावा आणि फाइल उघडताना एन्कोडिंग स्वतः लिहा. मराठी नावांची प्रश्नचिन्हं झालेलं पासबुक गिऱ्हाइकाच्या हाती पडणं ही लहान चूक मानता येत नाही.

बांधलेलं पर्ल दुसऱ्या एलपारवर (पॉवर मशीनचा स्वतंत्र मशीनसारखा चालणारा भाग) न्यायचं तर अख्खा फोल्डर टार करून त्याच रस्त्यावर उघडायचा, रस्ता बदलला तर मॉड्यूल सापडत नाहीत. तिथे टूलबॉक्सचं लिबजीसीसी आधी बसवलेलं हवं, जीसीसी नसलं तरी चालेल. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत नव्या पर्लचा पूर्ण रस्ता लिहा. जुन्या आवृत्तीचा फोल्डर निदान एक महिनाअखेर पार होईपर्यंत तसाच राहू द्या. मागे फिरायची वेळ आली तर पहिली ओळ बदलली की झालं.