शेअरचे स्कोअर दाखवणारं ॲप, ३ स्टार
कोथरूडला चहा पिता पिता मित्राने हे ॲप टाकायला लावलं, कारण माझे पैसे एका कर्जात बुडालेल्या कंपनीत अडकलेत. पिओट्रोस्की स्कोअर 9 पैकी 6 आला, मी खूश! मग खाली आल्टमन झेड बघितला तर 1.2, म्हणजे 1.81 च्या खाली, डेंजर झोन. दोन्ही बरोबरच आहेत हो, पहिला मुख्यतः गेल्या वर्षापेक्षा सुधारणा झाली का ते बघतो आणि दुसरा दिवाळं निघायची शक्यता, पण ॲप हे कुठेच सांगत नाही, नुसते हिरवे-लाल रंग. बँकेलाही झेड लावलाय, अरे तो 1968 साली कारखानदार कंपन्यांसाठी काढलेला! आकडे मात्र बॅलन्स शीटशी जुळले. वर्षाचे पैसे भरू नका, फुकटवालं पुरे.