फोमची घडी की हवेची गादी?

भाच्याला डिसेंबरात इंदूरजवळच्या चोरलच्या बाजूला तंबू टाकायचाय, पुढे मे महिन्यात हिमाचलचा ट्रेक. गादी एकच घ्यायची, म्हणून घोडं अडलंय.

वजनावर निकाल लागत नाही; हलक्यातल्या दोन्ही 400 ग्रॅमच्या आसपास मिळतात. फरक आकाराचा. हवेची गादी पाण्याच्या बाटलीएवढी होते, फोमची सॅकच्या बाहेर बांधावी लागते आणि बसमध्ये सगळ्यांना लागते. किमतीत मात्र फोम सरळसरळ स्वस्त.

खरी गोम उबेत आहे. जाडी बघून फसू नका. आतून नुसती पोकळ असलेली सात-आठ सेंटिमीटरची गादीही थंडी खेचते, कारण आतली हवा फिरत राहते आणि अंगाची ऊब जमिनीला देते. आर-व्हॅल्यू, म्हणजे गादी थंडी किती अडवते त्याचा आकडा, बघा (जास्त तेवढी उबदार): घडीच्या फोमची 2 च्या आसपास, पोकळ गादीची जेमतेम 1, आत ऊब धरणारं अस्तर असलेलीची 4 किंवा जास्त. थंडीत दोन गाद्या एकावर एक टाकल्या तर हे आकडे बेरजेत येतात.

बाभळीचा काटा फोमला काही करत नाही. हवेच्या गादीचं भोक शोधायला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघत बसायचं, तेही टॉर्चच्या उजेडात! ती तोंडानेही फुगवू नये, आत ओल धरते.

इंदूरच्या आसपास एखाद-दुसरी रात्र, पाठ ठणठणीत: फोम. कुशीवर झोपणारे किंवा बर्फाच्या वाटेला जाणारे: अस्तराची हवेची गादी, सोबत पॅच. भाच्याने हीच घ्यावी, चोरलला खाली ताडपत्री अंथरावी.