सोसायटीतलं शेवाळाचं तळं: पाणी झकास, डिझेल विसरा

आमच्या पुण्यातल्या सोसायटीने एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) पुढे शेवाळाचं तळं करून घेतलं त्याचा हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये.

पाण्याला पैकीच्या पैकी मार्क. आधी एसटीपीतून सुटणाऱ्या पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस तसाच राहायचा, मग बागेच्या टाकीत हिरवा तवंग आणि फ्लशला वास. आता ते सगळं तळ्यातलं बारीक शेवाळ, म्हणजे क्लोरेला नि सेनेडेस्मस, आधीच खाऊन टाकतं. तळं म्हणजे काय तर दोन गुंठ्यांत फूटभर खोल लांबट हौद, पॅडलव्हील संथ फिरत असतं, पाणी पाच-सहा दिवस आत राहतं, म्हणजे रोजचं साधारण १० हजार लिटर होतं, सगळ्या सोसायटीचं नाही हां. कडक उन्हात दुपारी पीएच बघा, नऊच्या वर जातो कारण शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, आणि मग फॉस्फेट कॅल्शियमला धरून तळाला बसतं. आमच्या बोअरला क्षार भरपूर, इथे मात्र ते कामाला आले! डासांचं सगळ्यांनी विचारलं, पाणी हलतं असतं त्यामुळे नाहीत.

आता रडगाणं. पावसाळ्यात ऊन नाही की शेवाळ मंदावतं, तेव्हा पाणी कमी सोडावं लागतं. एकदा तर डाफ्निया म्हणजे शेवाळ खाणारे बारीक पाणकिडे झाले, डोळ्यांना दिसतात, टुणटुण उड्या मारणारे ठिपके, त्यांनी बघता बघता हिरवंगार तळं चट्ट केलं आणि कंपनीचा माणूस 'येतो येतो' करत आठवड्याने उगवला. शेवाळ बाहेर काढणं हे वेगळंच दुखणं, पेशी पाच-दहा मायक्रॉनच्या, साध्या गाळणीत काही राहत नाही, तुरटी टाकून खाली बसवायचं आणि तो लगदा ताडपत्रीवर वाळवायचा, मासळी बाजारासारखा वास येतो, बी विंगवाले भांडायला येतात.

आणि सेल्सवाल्याचं ते 'शेवाळाच्या तेलातून जनरेटरला फुकट डिझेल'! हिशोब करा ना राव, चौरस मीटरला दिवसाला १५-२० ग्रॅम कोरडं शेवाळ मिळालं तरी चांगलं म्हणतात, दोन गुंठ्यांत तीन-चार किलो, त्यात तेल १५-२० टक्के, म्हणजे हातात अर्धा-पाऊण किलो, तेही सगळं निघालं तर. शेवाळात तेल वाढतं ते नायट्रोजनची उपासमार झाल्यावर, आणि आपल्या सांडपाण्यात नायट्रोजनची मेजवानी. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ शेवाळाच्या तेलात पैसा घातला, पेट्रोलियमपेक्षा महागच पडलं. स्पेनमध्ये चिक्लाना गावात सांडपाण्याच्या शेवाळावर गाड्या चालवल्या, पण त्या बायोगॅसवर, तेलावर नाही. आमचा लगदा सध्या माळीकाका खतात घालतात, जास्वंद जोरात आहे.

५ पैकी साडेतीन. एक तारा सेल्सवाल्याच्या थापांचा कापला, अर्धा सर्व्हिसचा. जागा आणि ऊन असेल तर घ्या, फक्त एएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) तळं बंद पडलं तर किती तासांत माणूस येणार ते लिहून घ्या आणि वाळवायची जागा बिल्डिंगपासून लांब ठेवा.