नाथसागराच्या काठावर रोजची फेरी: छोट्या कॅमेऱ्यासोबत आठ महिने

मागच्या दिवाळीत घेतलेला कॅमेरा आठ महिने रोज वापरला. रोज म्हणजे खरोखर रोज, कारण आमची भिंगरी एकही दिवस खाडा करू देत नाही. ती कारवानी कुत्री आहे, चार वर्षांची, काळी, लांब पायांची. पहाटे साडेपाचला दारात उभी राहते आणि आम्ही दोघी पाण्याकडे निघतो. गाव गंगापूर तालुक्यातलं, नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावरचं. मराठवाड्याला समुद्र नाही, पण जायकवाडी भरलं की आमच्याकडून पलीकडचा काठ दिसत नाही, आणि वाऱ्याच्या दिवशी पोरं लाटा बघायला जातात.

कॅमेरा नवा नाही, संभाजीनगरच्या एका दुकानातून वापरलेला घेतला. अडीचशे ग्रॅम वजन, खिशात मावतो, आत मोठ्या कॅमेऱ्यांत असतो तो एपीएस-सी सेन्सर, आणि पुढे न बदलता येणारी एकच लेन्स: फिल्मच्या हिशोबात २८ मिमी, म्हणजे रुंद दृश्य घेणारी, एफ २.८ (उजेड आत सोडणाऱ्या भोकाचं माप, आकडा लहान तितकं भोक मोठं). झूम नाही. या जातीचे कॅमेरे दोन-तीन कंपन्यांनी काढले आहेत. माझं बोलणं या जातीबद्दल आहे. त्याआधी माझ्याकडे दोन लेन्सवाला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) होता आणि तो कपाटातच असायचा. एका हातात दोरी, दोरीच्या टोकाला नजरेनं शिकार करणारं जनावर, अशा वेळी किलोभर वजन गळ्यात नको वाटतं. ससा दिसला की भिंगरी काही सांगून धावत नाही.

म्हणून पहिला महिना फार वाईट गेला. फोकस लागेपर्यंत ती फ्रेमच्या बाहेर. मग एका ओळखीच्या फोटोग्राफर दादांनी जुनी युक्ती सांगितली, आणि या कॅमेऱ्याची खरी किंमत मला तेव्हा कळली. ऑटोफोकस बंद करायचा, अ‍ॅपर्चर (भोकाचं ते माप) एफ ८ ठेवायचं आणि फोकस सव्वादोन मीटरवर बांधून टाकायचा. एवढ्या रुंद लेन्सला असं केलं की साधारण सव्वा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. आता बटण दाबलं की फोटो झाला. एका हातानं, चालता चालता, स्क्रीनकडे न बघतासुद्धा. शटर निदान १/५०० सेकंदावर ठेवते, ती धावत असली तर १/२०००. पहाटेच्या अंधारात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत जाऊ देते. दाणे दिसतात, पण घरच्या छपाईला त्याचं काही वाटत नाही.

उजेडाचं गणित मात्र हातानंच सांभाळावं लागतं. समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरूनच कॅमेरा उजेड मोजतो. डिसेंबरात पाण्यावर धुकं साचतं तेव्हा ते पांढरंशुभ्र धुकं फोटोत राखेसारखं येतं. तिथे मी उजेड एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवते. सूर्य वर आला आणि पाणी चकाकायला लागलं की उलटं करायचं. उजेड थोडा कमी धरायचा, फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात) ठेवायची आणि काळ्या कुत्रीचे डोळे नंतर घरी उजळायचे. एकदा जळालेलं पांढरं पाणी परत आणता येत नाही, सावलीतलं बरंचसं येतं.

आता अडचणी. बॅटरी दीडशे-दोनशे फोटोंत संपते. फेरीला पुरते, पण फाल्गुनात नाथषष्ठीच्या दिंड्या पैठणकडे चालत होत्या त्या दिवशी दहा वाजताच कॅमेरा बंद पडला. दुसरी बॅटरी घ्याच. याहून मोठी अडचण धुळीची. चालू करताना लेन्स बाहेर येते, बंद करताना आत जाते, आणि या ये-जा करण्यात हवेबरोबर धूळही आत ओढली जाते. आमच्याकडची काळी माती मार्चनंतर पिठासारखी उडते. एप्रिलमध्ये आभाळात दोन ठिपके दिसायला लागले. एफ २.८ वर कळत नाहीत, एफ ११ आणि १६ ला ठळक होतात. सेन्सर साफ करून घ्यायला संभाजीनगरला जावं लागलं. तेव्हापासून कॅमेरा झिपच्या पिशवीत असतो आणि वावटळ दिसली की मी तो चालूच करत नाही.

पक्ष्यांसाठी हा कॅमेरा घेऊ नका. हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात तेव्हा माझ्या फोटोत पाण्यावर एक गुलाबी दोरा दिसतो, बस. जवळ जायचा मोहही धरू नये. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, नदीसुरय वाळूच्या पट्ट्यावर. सुटं कुत्रं एका सकाळीत सगळं उद्ध्वस्त करू शकतं. भिंगरीची दोरी मी काठावर कधीही सोडत नाही. कमरेला बांधायच्या पट्ट्याला अडकवते, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

गाव आणि माणसं टिपायला मात्र मला याहून चांगलं काही सापडलं नाही. मोठी लेन्स रोखली की माणूस ताठ होतो. इथे लोक आधी भिंगरीशी बोलतात, मग माझ्याशी, आणि कॅमेऱ्याकडे लक्ष गेलंच तर म्हणतात, "ताई, आमचा बी काढा." चप्पूवरून (छोट्या तराफ्यावरून) जाळी ओढणारे भाऊ, जाळ्यातली चिलापी मासळी वेगळी काढणाऱ्या मावशी, गाळपेरीत (पाणी उतरल्यावर गाळात केलेल्या पेरणीत) हरभरा उपटणारी कुटुंबं, सगळे दीड-दोन मीटरवरून, त्यांना विचारून. घाटावर बायका आंघोळीला असतात त्या वेळी कॅमेरा खिशातून निघत नाही. दर महिन्याला पंचवीस-तीस फोटो छापून वाटते. हा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीत धरूनच चालावं असं मला वाटतं.

आणि पाणी. धरणाचं काम १९६५ ला सुरू झालं, लोकार्पण १९७६ ला. बांध जवळजवळ १० किलोमीटर लांब, २७ दरवाजे, पूर्ण पातळी १५२२ फूट. हे आकडे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. आमच्या बाजूचा काठ बशीसारखा उथळ, त्यामुळे पातळी फूटभर उतरली की पाणी खूप लांब सरकतं. नोव्हेंबरात जिथे लाटा होत्या तिथे मेमध्ये मी अर्धा तास चालत होते. झूम असता तर हे सगळं मी जुन्या काठावरून ओढून घेतलं असतं. २८ मिमीला ते जमत नाही, पाण्यामागे जावंच लागतं. (गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत पाय रुततो. मासेमारांची पायवाट सोडू नका.)

असंच मागे मागे जाताना मेच्या दुसऱ्या आठवड्यात धरणात बुडालेल्या आमच्या जुन्या गावाचे पाये उघडे पडले. भिंगरी एका दगडी पायरीवर बसली, मी दोन मीटरवरून फोटो घेतला. संध्याकाळी लॅपटॉपवर बघत होते, मागे आमच्या घरातले वडीलधारे बापू उभे होते. पाणी चढलं तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचे होते. म्हणाले, "बाई, थांब. ही आपल्या दारातली पायरी हाय. खालचा दगड तिरका बघ. तुझा आजा नीट करतो, नीट करतो म्हणला अन् तसाच ऱ्हायला."

दगड तिरकाच होता. फोटो घेताना माझं लक्ष कुत्रीकडे होतं.

तेव्हापासून बापू आमच्याबरोबर येतात. कुणाचं घर कुठून कुठवर, गिरणी कुठे, बारव कुठे, हे ते काठीनं दाखवतात आणि मी त्याच जागी उभी राहून फोटो घेते. रुंद लेन्समध्ये अख्खी गल्ली मावते, कडेला बापूंची काठीही. असे चाळीसेक फोटो झाले, मागे बॉलपेननं नावं लिहून. जुन्या गावातली म्हातारी माणसं ते बघायला घरी येतात, नावांत दुरुस्त्या सांगतात, एकमेकांशी भांडतातही.

मग घ्यावा का? रोज चालत असाल आणि जवळ जाऊन माणसांशी बोलायची तयारी असेल तर घ्या. वापरलेला घेताना दुकानातच एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून ठिपके आहेत का बघा. लेन्स आत-बाहेर होताना अडखळते का तेही तपासा.

नाशिककडे, गोदावरीच्या वरच्या अंगाला, पाऊस लागला आहे. काल सकाळी खालच्या तिरक्या दगडाला पाणी लागलं होतं. बापूंनी चप्पल काढून पाण्यात पाय ठेवले, भिंगरी काठावर थांबली, आणि मी दोघांना एका फ्रेममध्ये घेतलं.